जुन्या लेखनचौकटीच्या बाजूने

‘एडिटर’ हा शब्द कानावर पडला की मराठी साहित्याच्या अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर प्रथम एक माणूस उभा राहतो. श्री. पु. भागवत आठवतात, राम पटवर्धन आठवतात, ‘सत्यकथा’ आठवते. संगणकावर लिहिणाऱ्यांच्या परिभाषेत मात्र हाच शब्द एका चौकटीला लावतात. पडद्यावर जिथे आपण अक्षरे उमटवतो, खोडतो, मागेपुढे करतो आणि अखेर ‘प्रकाशित करा’ ही कळ दाबतो, ती ही चौकट. या लेखापुरते आम्ही तिला लेखनचौकट म्हणू. माणूस-संपादक आणि यंत्र-संपादक यांच्यात साम्य काहीच नाही असे वरवर वाटते. पण दोघेही लिहिणाऱ्याच्या हाताला वळण लावतात. माणूस-संपादक बदलला तर मासिक बदलते, हे आपण वर्गात शिकवतो. यंत्र-संपादक बदलल्यावर लेखनाचे काय होते, हा प्रश्न मात्र आपल्या चर्चेत क्वचितच येतो.

प्रश्नाला निमित्त जुने आहे, पण त्याचा निकाल अजून लागलेला नाही. ६ डिसेंबर २०१८ रोजी वर्डप्रेसची ५.० ही आवृत्ती प्रसृत झाली आणि अनुदिन्या लिहिणाऱ्या जगभरच्या असंख्य लोकांची लेखनचौकट बदलली. त्याआधीची चौकट साधी होती. वर ठळक, तिरपे, यादी, दुवा अशा मोजक्या कळांची एक पट्टी आणि खाली एक मोकळे पान. डिसेंबर २००५ मधल्या २.० या आवृत्तीपासून ही रचना थोड्याफार फरकाने तशीच होती. तिच्या जागी जी नवी चौकट आली तिला जर्मन मुद्रक गुटेनबर्गचे नाव दिलेले आहे. मुद्रणाच्या शोधाशी बरोबरी सांगणारे हे नाव एका सुधारित पानाला द्यावे, यात थोडा अतिरेक आहे. असो.

नव्या चौकटीचे मूळ तत्त्व ‘ब्लॉक’ हे आहे. परिच्छेद हा एक ब्लॉक, मथळा हा दुसरा, चित्र हा तिसरा, अवतरण हा चौथा. लेखक लिहितो ते सलग पान राहत नाही, ती ठोकळ्यांची रचना होते. प्रत्येक ठोकळा उचलता येतो, वरखाली सरकवता येतो, त्याला स्वतंत्र रंग वा पार्श्वभूमी देता येते. साठवणुकीतही हाच विचार आहे. प्रत्येक परिच्छेदाच्या आगेमागे, वाचकाला न दिसणाऱ्या खुणा घातल्या जातात आणि त्या खुणांवरून यंत्र ठोकळ्यांच्या सीमा ओळखते. छायाचित्रे, तक्ते, दोन स्तंभांतला मजकूर अशी मांडणी ज्यांना करायची असते त्यांची यात फार मोठी सोय झाली, आणि ती नाकारण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर प्रवेशाचे वेळापत्रक टाकायचे असेल तर नवी चौकट निःसंशय सरस आहे.

निबंध लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी. निबंधाचा परिच्छेद हा स्वतंत्र ठोकळा नसतो. त्याचे शेवटचे वाक्य पुढच्या परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात अर्धे शिरलेले असते. पुनर्लेखन करताना आपण बहुधा याच सांध्यावर काम करतो. एका परिच्छेदाच्या मध्यापासून पुढच्या परिच्छेदाच्या मध्यापर्यंतचा मजकूर निवडायचा, उचलायचा, दुसरीकडे नेऊन पाहायचा, पटले नाही तर परत आणायचा. हस्तलिखितावर लाल पेन्सिलीने गोल काढून बाण ओढणे हीच ती क्रिया. नव्या चौकटीच्या पहिल्या रूपात नेमके हेच करता येत नव्हते. निवड एका ठोकळ्याची सीमा ओलांडून गेली की यंत्र दोन्ही ठोकळे संपूर्ण निवडत असे. अनेक ठोकळ्यांतून हवा तेवढाच मजकूर निवडण्याची सोय मे २०२२ मधल्या ६.० या आवृत्तीत आली. म्हणजे कागदावर पेन्सिलीने सहज होणारी गोष्ट परत मिळायला साडेतीन वर्षे लागली. ज्यांनी हे यंत्र बांधले ते आळशी नव्हते की अज्ञ नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर संकेतस्थळ सजवणारा माणूस होता, दीर्घ गद्य लिहिणारा नव्हता, एवढाच याचा अर्थ आम्ही घेतो.

इथे कोणी म्हणेल की साधनाने लेखन घडवणे यात नवे काय आहे? आक्षेप रास्त आहे. पोथीत मजकूर सलग चालत असे. आजच्यासारखा परिच्छेद, स्वल्पविराम, अर्धविराम ही मुद्रणाबरोबर आलेली चाल. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते, आणि ज्या गद्याचा आपण अभिमान धरतो ते त्या परक्या खुणांवाचून आज वाचताही येणार नाही. तेव्हा नवे साधन आले की लेखन बिघडते, असा सिद्धान्त मांडण्याचा आमचा मुळीच विचार नाही. ठोकळ्यांत विचार करणारी पिढी उद्या ठोकळ्यांचेच एखादे उत्तम गद्य लिहील. आमचा मुद्दा एवढाच की नवे आले म्हणून जुन्याचे दार बंद होता कामा नये, आणि ते उघडे ठेवणे ही नव्याच्या कर्त्यांची जबाबदारी आहे.

वर्डप्रेसच्या बाबतीत हे दार उघडे राहिले, आणि ते कसे राहिले हा भाग मोठा बोधप्रद आहे. नवी चौकट येण्याच्या सुमारासच ‘क्लासिक एडिटर’ नावाचे एक प्लगइन अधिकृतपणे देण्यात आले. ते बसवले की जुने पान परत मिळते. सुरुवातीला त्याला ३१ डिसेंबर २०२१ पर्यंतचा आधार जाहीर झाला होता. कल्पना अशी असावी की तोवर लोक नव्याला सरावतील आणि जुने आपोआप गळून पडेल. तसे घडले नाही. मुदत आली, ती वाढवावी लागली, आणि पुढे ‘आवश्यक असेल तोपर्यंत’ अशी भाषा वापरली जाऊ लागली. हे प्लगइन पन्नास लाखांहून अधिक संकेतस्थळांवर बसवलेले आहे. वापरणाऱ्यांनी त्याला दिलेले सरासरी तारे पाचाच्या जवळ आहेत. नव्या चौकटीच्या प्रायोगिक प्लगइनच्या पानावर मात्र सुरुवातीच्या काळात एकेका ताऱ्याच्या संतप्त अभिप्रायांची रीघ लागली होती.

हा आकडा पाहून आम्हांला विशेष आनंद होतो असे नाही. पन्नास लाखांत सवयीचे गुलाम असतील, ज्यांच्या संकेतस्थळाचे इतर भाग नव्याशी जुळत नाहीत असे अगतिकही असतील. पण ‘मूठभर म्हाताऱ्यांचा हट्ट’ म्हणून या मागणीची बोळवण करता येत नाही, इतके तरी त्यातून सिद्ध होते.

आता या प्लगइनचे स्वरूप नीट पाहावे. त्यात जुनी लेखनचौकट साठवलेली नाही. जुनी चौकट मूळ प्रणालीच्या पोटातच आहे. प्लगइन म्हणजे केवळ तिच्या खोलीची किल्ली. प्रणालीच्या कर्त्यांनी उद्या ती खोलीच पाडायची ठरवली तर किल्लीचा उपयोग राहणार नाही. म्हणून प्लगइन मिळाले की निश्चिंत व्हावे, अशी परिस्थिती नाही. जे टिकले आहे ते कोणाच्या तरी निर्णयावर टिकले आहे.

पण त्या निर्णयावर एक अंकुश आहे. वर्डप्रेस हे मुक्त परवान्याखाली आहे. त्याची आज्ञावली कोणालाही घेता येते, बदलता येते आणि बदललेली पुन्हा वाटता येते. २०१८ मध्येच काही मंडळींनी याच हक्काचा उपयोग केला. त्यांनी ४.९ ही ठोकळे येण्यापूर्वीची आवृत्ती घेतली आणि ‘क्लासिकप्रेस’ या नावाने तिचा स्वतंत्र संसार थाटला. हा संसार लहान आहे. वर्डप्रेसच्या पसाऱ्यापुढे त्याला कोणी गणतीत धरणार नाही. पण तो शक्य आहे, ही जाणीवच मूळ घराच्या कारभाऱ्यांना सावध ठेवते. आणि गंमत अशी की वर्डप्रेसचा जन्मही असाच झालेला आहे. ‘बीटू’ नावाच्या एका अनुदिनी-प्रणालीचे काम थंडावले तेव्हा २००३ मध्ये मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी तिची आज्ञावली घेऊन पुढचे काम सुरू केले. त्यातून वर्डप्रेस उभे राहिले. जुने सोडवत नाही म्हणून ते हाती घेणाऱ्यांची ही परंपरा त्या घराण्यातलीच आहे.

याच्या शेजारी ब्लॉगरचे उदाहरण ठेवावे. मराठी अनुदिन्यांचा पहिला बहर बराचसा ब्लॉगरवर फुलला, कारण तिथे जागा फुकट होती आणि तांत्रिक ज्ञान लागत नव्हते. ब्लॉगर गूगलच्या मालकीचे आहे. २०२० मध्ये गूगलने त्याचे रूप बदलले. जुन्या रूपाकडे परतण्याचा दुवा काही काळ ठेवला आणि मग काढून घेतला. त्यानंतर जुन्या रूपाकडे जाण्याचा कोणताही मार्ग लिहिणाऱ्याच्या हाती राहिला नाही. तिथे प्लगइन नाही, परवाना नाही, वेगळा संसार थाटण्याची सोय नाही. आपला मजकूर उतरवून घेऊन दुसरीकडे जाता येते, पण ज्या टेबलावर बसून लिहिले ते टेबल मालकाचे. यात गूगलने कराराचा भंग केला असे आम्ही म्हणत नाही. घर दुसऱ्याचे असेल तर भिंतींचा रंग तोच ठरवणार. मात्र दोन ठिकाणी एकच मागणी झाली, एका ठिकाणी ती टिकली आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, याचे कारण मागणीच्या रास्तपणात शोधून चालणार नाही. ते मालकीत आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी मालकीचा विचार करायचा नसतो, असा एक सोवळा समज आपल्याकडे आहे. मुद्रणालयांच्या आणि मासिकांच्या इतिहासात आपण तो केव्हाच टाकून दिला आहे. संगणकाच्या बाबतीतही तो टाकायला हवा.

या मागणीला केवळ स्मरणरंजन म्हणणाऱ्यांसमोर आम्ही आमच्या विभागातली दोन उदाहरणे ठेवतो. विभागाचा वार्षिक अंक काही वर्षांपासून आंतरजालावर निघतो. ज्या व्यवस्थेवर तो निघतो तिचे नाव येथे अप्रस्तुत आहे. आमचे एक निवृत्त सर, वय पंचाहत्तरीच्या पुढे, या अंकासाठी आपल्या तालुक्यातील शेतीविषयक शब्दांवर टिपणे लिहीत असत आणि ती स्वतःच चौकटीत टंकित करीत. कोणाकडून टंकन करून घेणे त्यांना आवडत नसे, कारण टंकित करताना त्यांना आणखी शब्द आठवत. व्यवस्थेची अद्ययावत आवृत्ती आली, पान बदलले, आणि टिपणे येणे थांबले. विचारले तेव्हा सर म्हणाले, “अहो, मी परिच्छेद संपवला की ते मला पुढे काय घालू म्हणून विचारतं. मी विसरतो ना मला काय घालायचं होतं ते!” हे वाक्य विनोदी आहे, आणि लेखनप्रक्रियेवरच्या एखाद्या प्रबंधात उद्धृत करण्याइतके नेमकेही आहे.

दुसरे उदाहरण एका दृष्टिहीन विद्यार्थिनीचे. ती पडदा-वाचक प्रणालीच्या साहाय्याने लिहिते. ही प्रणाली पडद्यावरचा मजकूर आणि कळांची नावे मोठ्याने वाचून दाखवते. उंदीर वापरता येत नसल्याने सारे काम कळफलकावरून चालते. जुन्या पानात तिचा रस्ता ठरलेला होता: शीर्षक, मग मजकूर, मग प्रकाशन. नव्या पानात प्रत्येक ठोकळ्याभोवती कळांचा पुंजका, त्यातून वाट काढीत मजकुरापर्यंत जायचे आणि पुन्हा बाहेर यायचे. काही महिन्यांनी ती सरावली, हे सांगितले पाहिजे. पण ऐन परीक्षेच्या सुमारास तिला हा सराव करावा लागला, आणि तो करायचा की नाही हे तिला कोणी विचारले नव्हते. पुढे व्यवस्थापकाने जुन्या चौकटीची सोय दोघांसाठी पुन्हा उघडून दिली. सरांची टिपणे सुरू झाली. विद्यार्थिनीने नवीच चौकट ठेवली! आमचा मुद्दा याहून चांगला कोणी मांडू शकणार नाही: निवड तिने केली.

ही अडचण एका विद्यार्थिनीची नव्हे. वर्डप्रेसची नवी चौकट येण्यापूर्वी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, त्या प्रकल्पातील सुगम्यता-गटाच्या प्रमुख रियान रीटवेल्ड यांनी राजीनामा दिला आणि त्याची कारणे जाहीरपणे लिहिली. अपंग व्यक्तींना नवी चौकट वापरता येईल की नाही, हा विचार आराखड्याच्या आरंभी न होता शेवटी शेवटी होत गेला, हे त्या लिखाणाचे सार. पुढे लोकवर्गणीतून स्वतंत्र तपासणी करवून घेण्यात आली आणि २०१९ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात दाखवलेल्या उणिवांपैकी पुष्कळ नंतर दुरुस्त झाल्या. पण दुरुस्ती होईपर्यंतच्या काळात त्या लोकांनी लिहायचे कशात? ‘जुन्यात’ हेच एकमेव उत्तर होते, आणि म्हणून जुने उपलब्ध असणे हा शिष्टाचाराचा भाग उरत नाही.

आपल्याकडे या बाबतीत एक चांगला दाखला आहे, आणि तो अनेकांच्या बोटांखाली असूनही कोणाच्या ध्यानात येत नाही. देवनागरी टंकलेखन यंत्रावर घडलेले हजारो हात संगणकाकडे वळले तेव्हा भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ हा नवा प्रमाण कळफलक सिद्ध होता. १९९१ च्या भारतीय मानकात त्याचा समावेश आहे. तो अधिक तर्कशुद्ध आहे, सर्व भारतीय लिप्यांना समान आहे, शिकायला सोपा आहे. तरीही पुण्याच्या सी-डॅकने आपल्या आयएसएम या प्रणालीत इन्स्क्रिप्टच्या जोडीला जुन्या यंत्राचा कळफलकही दिला आणि उच्चारानुसारी कळफलकही दिला. कचेरीतल्या टंकलेखकाला कोणी सांगितले नाही की तुझी वीस वर्षांची बोटे आता निकामी झाली. युनिकोड आल्यानंतरही रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक मिळत राहिला. यामुळे इन्स्क्रिप्टची प्रगती खुंटली असे म्हणणारे लोक आहेत. असेल. पण त्या बदल्यात किती कचेऱ्यांतले, किती मुद्रणालयांतले मराठी संगणकावर विनासायास आले, हेही मोजावे लागेल. (मोडीचे उदाहरण येथे कोणी देईल. आम्हांला ते ताणलेले वाटते. लिपी जाणे आणि चौकट जाणे यांत फार अंतर आहे.)

मराठीचा विषय निघाला आहे तर अक्षरांविषयीही बोलले पाहिजे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्याने’ आणि ‘आचार्याने’ या जोड्या आपण प्रथम वर्षाच्या वर्गात सांगतो. स्वयंपाकी आणि गुरू यांच्यात एका अर्ध्या ‘र’चे अंतर. हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. त्यांपैकी एका रीतीत ‘र’ आणि हलन्त यांच्यापाठी एक अदृश्य जोडचिन्ह असते. हे चिन्ह डोळ्यांना दिसत नाही. एका साधनातून दुसऱ्यात मजकूर नेताना ते गळले तर दऱ्यांचा समुद्र होतो आणि मुद्रितशोधकाला दोष दिला जातो. म्हणून मराठी लिहिणारा माणूस ज्या चौकटीची खात्री पटली आहे ती सहसा सोडत नाही. इथे माझा ‘ऱ्य’ टिकतो, गमभनसारखी टंकनाची सोय इथे चालते, इथून उचललेले तिथे जसेच्या तसे उतरते, हे ज्ञान कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसते. ते चुकत चुकत मिळवलेले असते, आणि चौकट बदलली की ते पुन्हा पहिल्यापासून मिळवावे लागते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला या खर्चाची कल्पना येणे कठीण आहे.

युनिकोडपूर्व काळाची आठवण तर ताजी आहे. श्रीलिपी, आकृती आणि तत्सम टंकांत साठवलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. लेख आहे, पण वाचता येत नाही. आमच्यापैकी बहुतेकांचे पदव्युत्तर काळातले लिखाण अशा अवस्थेत कुठल्या तरी चकतीवर पडलेले आहे. साधन गेले की मजकूरही जातो, हे आपल्या पिढीने प्रत्यक्ष पाहिलेले सत्य आहे. वर्डप्रेसच्या जुन्या चौकटीतील मजकुरावर अशी पाळी येणार नाही, हे न्यायाने सांगायला हवे. जुना लेख नव्या चौकटीत उघडला तर तो एका अखंड ‘क्लासिक’ ठोकळ्यात दिसतो आणि त्याला आपण होऊन कोणी धक्का लावत नाही. धोका उलट दिशेने आहे. ठोकळ्यांत रचलेला, स्तंभ पाडलेला लेख जुन्या चौकटीत उघडून सुधारायला गेले तर मांडणी विस्कटण्याचा संभव असतो. दोन्ही चौकटी एकाच अंकासाठी वापरणाऱ्या मंडळींनी कोणता लेख कशात लिहिला आहे याची नोंद ठेवलेली बरी. प्लगइन स्वतःही तशी नोंद ठेवते.

जुन्या साधनाला चिकटून राहणारे सगळेच मागासलेले असतात, या समजुतीला उत्तर म्हणून वर्डस्टारचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते देण्यासारखे आहे. वर्डस्टार १९७८ चे. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन आपले लेखन डॉसवरच्या वर्डस्टार ४.० मध्ये करतात, हे त्यांनी २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितले. आपण न मागता यंत्राने केलेली मदत त्यांना नको असते. कॅनडातील विज्ञानकथाकार रॉबर्ट सॉयर हेही वर्डस्टारचेच. २०२४ मध्ये त्यांनी वर्डस्टारच्या ७.० या आवृत्तीचा सगळा संच, माहितीपुस्तिकांसह, इतरांसाठी आंतरजालावर खुला केला, कारण ती कंपनी केव्हाच नामशेष झालेली होती. सॉयर यांच्या विवेचनातला एक मुद्दा आमच्या विषयाला नेमका लागू आहे. वर्डस्टारमध्येही ‘ब्लॉक’ आहे. पण तिथे ब्लॉक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे लेखक ठरवतो. एक खूण इथे करावी, दुसरी चार पानांनंतर करावी, मध्ये हवे ते काम करून यावे. खुणा जागच्या जागी राहतात. ती पेन्सिलीची खूण आहे. नव्या चौकटीत ब्लॉक यंत्राने आधीच पाडलेला असतो. शब्द तोच, पण त्याची मालकी बदललेली.

आमच्यातल्या काही सहकाऱ्यांचे मत याहून वेगळे आहे, आणि ते नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. त्यांचे म्हणणे असे की चौकटीत लिहावेच कशाला? लेख साध्या मजकूर-धारिकेत लिहावा, तिथेच दहादा सुधारावा, आणि अखेरीस प्रकाशनापुरता चौकटीत उतरवावा. मग चौकट जुनी असो की नवी, काय बिघडते? व्यवहारात हा सल्ला उत्तम आहे आणि आम्ही स्वतः विद्यार्थ्यांना तोच देतो. साधी युनिकोड धारिका हीच आज सर्वांत दीर्घायुषी वही आहे. पण या सल्ल्याने प्रश्न सुटत नाही, बाजूला होतो. ज्यांच्याजवळ स्वतःचा संगणक नाही, जे ग्रंथालयातल्या यंत्रावर तासाभरासाठी बसतात, जे सरांसारखे चौकटीतच विचार करतात, त्यांना चौकट हेच कागद-पेन आहे.

खर्चाचा आक्षेपही आहेच. जुनी आज्ञावली जपायची म्हणजे तिच्यातल्या सुरक्षेच्या फटी बुजवत राहायच्या, प्रत्येक नव्या न्याहाळकाबरोबर ती चालते का हे पाहायचे. हे काम कोणी तरी करते, आणि बहुतेक वेळा विनामोबदला करते. म्हणून जुने अनंतकाळ मिळावे अशी आमची मागणी नाही. बदल करण्यापूर्वी पुरेसा अवधी द्यावा. जुन्याकडे परतण्याची वाट अवधीत उघडी असावी आणि ती एखाद्या कोपऱ्यात लपवलेली नसावी. मुदत संपवायची ती दिनदर्शिकेकडे पाहून संपवू नये, जुने वापरणाऱ्यांची संख्या आणि त्यांची कारणे पाहून संपवावी. आणि पडदा-वाचकाने लिहिणाऱ्यांसाठी नवे खरोखर वापरण्याजोगे झाल्याशिवाय तर मुळीच संपवू नये. वर्डप्रेसने मुदत वाढवली तेव्हा यांतले पुष्कळसे अप्रत्यक्षपणे मान्य झाले. खासगी मालकीच्या व्यवस्थांना ते मान्य करायला लावण्याचे साधन मात्र आज आपल्यापाशी नाही. आहे ते एवढेच की विभागाचा अंक, संशोधनपत्रिका, कोश यांसाठी जागा निवडताना परवाना कोणता आहे हे आधी विचारावे. हा प्रश्न संगणक विभागावर सोपवून मोकळे होण्याचा नाही.

वर्डप्रेसवर स्वतःच्या जागेत अनुदिनी किंवा अंक चालवणाऱ्यांसाठी जाता जाता एक माहिती. क्लासिक एडिटर बसवल्यावर ‘लेखन’ या विषयाच्या मांडणीत दोन पर्याय दिसतात. सर्वांसाठी मुळात कोणती चौकट असावी, हा पहिला. प्रत्येक लेखकाला आपली चौकट निवडू द्यावी की नाही, हा दुसरा. अनेक व्यवस्थापक पहिला ठरवतात आणि दुसऱ्याकडे पाहतही नाहीत, त्यामुळे सगळ्या विभागावर एकाच माणसाची आवड लादली जाते. दुसऱ्या पर्यायात ‘होय’ निवडावे. नंतर प्रत्येक लेखाच्या नावाखाली दोन्ही चौकटींचे दुवे दिसू लागतात, आणि ज्याला जे हवे ते तो उघडतो. दुसऱ्याच्या जागेत फुकट लिहिणाऱ्यांना प्लगइन बसवण्याचा अधिकार सहसा नसतो. त्यांनी निदान आपल्या सर्व लेखांची प्रत दर सत्राच्या शेवटी उतरवून घ्यावी. आमच्या विभागात हे काम आता वार्षिक अंकाच्या विद्यार्थी-संपादकाकडे दिले आहे, आणि दिवाळीच्या सुटीपूर्वी व उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी ते झाले की नाही हे विभागाच्या बैठकीत विचारले जाते.